रिकामी परत आलेली वाटी

स्टीलची लहान वाटी दिसली की अबू धाबीतला तो श्रावणी शुक्रवार माझ्यापुढे जसाच्या तसा उभा राहतो. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, दंगलीत डोक्यावर दगड झेलले. तरी कुणी आठवणी विचारल्या की मी निवृत्तीनंतरची ही एकच केस सांगतो. तिच्यात माझ्या अंगावर वर्दी नव्हती, हातात अधिकार नव्हता आणि खबर देणारी माझी स्वतःची बायको होती.

मी महाराष्ट्रातल्या एका मध्यम शहरातून पोलीस निरीक्षक म्हणून निवृत्त झालो. मुलगा अबू धाबीला नोकरीत, खलिफा सिटीत राहायला. आम्ही दोघं त्याच्याकडे आलो तेव्हा सवयीप्रमाणे मी रात्री उठून दाराची कडी तपासायचो. मुलगा हसायचा. "बाबा, इथे लोक मॉलमध्ये टेबलावर फोन ठेवून ऑर्डर द्यायला जातात. क्राइम रेट जवळपास झिरो आहे." नात तर सरळ म्हणायची, "आजोबा, रिलॅक्स. नथिंग हॅपन्स हिअर."

खोटं नव्हतं ते. संध्याकाळी बायका एकट्या फिरायला जातात, मुलं सायकली बाहेर टाकून घरात येतात. या शांततेबद्दल मी या देशाचा मनापासून ऋणी आहे, कारण अशी शांतता आपोआप येत नाही, तिच्यामागे कुणाची तरी ड्यूटी असते. पण 'झिरो' हा आकडा मला कधी पचला नाही. आमच्याकडे दर महिन्याला गुन्हे आढावा बैठक व्हायची. आकडा खाली आला की वरिष्ठ खूश. ठाण्याच्या प्रत्येक प्रभारीला मात्र ठाऊक असतं की काही गुन्हे भीतीने, लाजेने ठाण्याच्या पायरीपर्यंत येतच नाहीत.

आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये सांगलीकडचं एक कुटुंब राहतं. नवऱ्याचं मुसफ्फा या कारखान्यांच्या भागात फॅब्रिकेशनचं वर्कशॉप. मुलगा पुण्यात इंजिनिअरिंगला, हॉस्टेलवर. त्यामुळे दिवसभर घरात बाई एकटी. मी तिला ताई म्हणतो, ती आम्हाला काका-काकू. तिची आणि आमच्या सौ.ची गट्टी जमली ती विरजणावरून. बाजारात दह्याचे शंभर डबे मिळतात, पण सौ.च्या मते "त्याला दही म्हणणं म्हणजे दह्याचा अपमान." ती घरी दही लावायची आणि दिवेलागणीच्या आत ताईला वाटीभर विरजण द्यायची. दिवे लागल्यावर दही घराबाहेर द्यायचं नाही, हा तिचा कायदा. दुसरा कायदा दोघींचा मिळून: वाटी रिकामी परत करायची नाही. चमचाभर साखर का होईना, वाटीत काहीतरी हवंच. ताई कधी खजूर घालायची, कधी चिमूटभर शेंगदाण्याची चटणी.

त्या शुक्रवारी दुपारी सौ. वाटी हातात घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. "दाराच्या मुठीला पिशवीत अडकवून ठेवली होती. रिकामी."

"मग? विसरली असेल."

"ती रिकामी वाटी पाठवणाऱ्यातली नाही. आणि श्रावणातल्या शुक्रवारी? अहो, काहीतरी बिनसलंय तिकडे."

मी पेपरात डोकं घातलं. "वाटीवरून पंचनामा करू का आता?"

"करा की! जन्मभर दुसऱ्यांच्या बायकांचे जबाब घेतलेत, एकदा स्वतःच्या बायकोचा घ्या."

मी उठलो आणि समोरची बेल वाजवली. बराच वेळ कुणी आलं नाही. मग दार वीतभर उघडलं. ताईचे डोळे सुजलेले, एका कानात इअरफोन, हातात फोन छातीशी सरळ धरलेला. मी विचारलं, "ताई, बरं आहे ना?" तिने आधी फोनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाली, "तबियत ठीक नहीं है, काका. बाद में आइए."

दार बंद झालं. मी तिथेच उभा राहिलो.

सांगलीची बाई, माझ्याशी जन्मात हिंदी न बोललेली, ती हिंदीत उत्तर देते. म्हणजे ते उत्तर माझ्यासाठी नव्हतंच, ऐकणाऱ्या तिसऱ्याला कळावं म्हणून होतं. आणि जबाब देण्याआधी जो माणूस दुसऱ्याच्या तोंडाकडे बघतो, तो त्याच्या दडपणाखाली असतो, हे शिकायला मला प्रशिक्षण केंद्र लागलं नव्हतं. नोकरीच्या शेवटच्या काळात असल्या तक्रारी येऊ लागल्या होत्या. फोनवर खोटा पोलीस, व्हिडिओसमोर बसवून ठेवणं, "कुणाशी बोललात तर अटक." डिजिटल अरेस्ट म्हणतात त्याला. आपल्या कायद्याच्या कुठल्याच पुस्तकात अशी अटक नाही. पण घाबरलेला माणूस पुस्तक उघडून बघत नाही.

घरात येऊन सौ.ला माझा संशय सांगितला आणि मुलाला ऑफिसात फोन केला. तो हादरला. "बाबा, प्लीज, कुणाच्या घरात घुसू नका. इथले कायदे कडक आहेत. आपण व्हिसावर आहोत."

त्याचंही बरोबरच होतं. आपल्याकडे, नोकरीत असतो तर दोन अंमलदार आणि एक महिला शिपाई घेऊन दारात उभा राहिलो असतो. इथे मी कोण? नातीचा आजोबा. मी ताईच्या नवऱ्याला फोन लावला. वर्कशॉपच्या खडखडाटात त्याला निम्मं ऐकू आलं, पण तेवढं पुरे होतं. "निघालोच काका, यल्ला, चला," एवढंच म्हणाला. पण मुसफ्फाहून यायला वेळ लागणार, आणि त्या वेळात तिकडे आत काय होईल सांगता येत नव्हतं.

मी येरझाऱ्या घालत होतो. सौ.ने कपाटातून नवं लुगडं काढलं, हळदीकुंकवाचं तबक घेतलं, वाटीत साखर भरली.

"कुठे निघालीस?"

"आज शुक्रवार आहे. हळदीकुंकू घेऊन आलेल्या बाईला दारातून परत पाठवत नाहीत. तुम्हाला हाकलेल ती, मला नाही हाकलायची."

आणि खरंच, तबक पाहून ताईचा हात थबकला. कोण कुठला चोर फोनवरून हुकूम सोडत होता, पण सवाष्णीला परत पाठवायचं कसं, हे तिच्या हाताला जमेना. दार उघडलं. फोनमधला माणूस हिंदीत खेकसला, "कौन है?" ताई म्हणाली, "पूजा... पूजा है, साहब." मी बाहेर दाराआड उभा राहून सगळं ऐकत होतो.

पुढे आमच्या सौ.ने जे केलं त्याला मी आजही सलाम करतो. कुंकू लावता लावता तिने आरतीच्या चालीवर गायला सुरुवात केली. शब्द तिचेच:

"फोनवरती कोण गं बाई, पोलीस म्हणतो का?
काका उभे दारामागे, येऊ देतेस का?"

त्याला मराठीचा गंध नव्हता. त्याला वाटलं, मंत्र चाललेत. ताईने आधी नकारार्थी मान हलवली. मग ती मान तशीच खाली गेली आणि ती हुंदके देऊन रडायला लागली. सौ. ओरडली, "अहो, या आत!"

मी आत गेलो आणि फोन हातात घेतला. स्क्रीनवर वर्दीतला एक माणूस, मागे झेंडा, टेबलावर टोपी. छान सजावट केली होती. पण नावाची पट्टी डाव्या खिशावर! आमच्याकडे भरती झालेल्या शिपायालाही पहिल्याच आठवड्यात कळतं की ती उजव्या बाजूला असते.

मी हिंदीतच विचारलं, "साहब, कौनसा थाना?"

"आप कौन? कैमरे के सामने से हटिए!"

"हटतो. आधी सांगा, या बाईंना अटक केल्याची स्टेशन डायरीला नोंद कुणी केली? ठाणे अंमलदार कोण आहे आज?" रागाच्या भरात मी मराठीवर आलो होतो, ते माझ्या ध्यानातही आलं नाही.

"आपको भी अंदर कर देंगे!"

"ये ना बाबा," मी म्हणालो, "वाटच बघतोय. येताना नावाची पट्टी नीट लावून ये."

स्क्रीन काळी झाली. मला वाटलं, खलास, केस संपली. पण केस तिथे संपली नव्हती. ताई माझ्या अंगावर धावून आली. "काका, काय केलंत हे! माझ्या पोराला मारतील ते! मी ऐकलंय त्याला रडताना. 'आई, मला वाचव' म्हणाला तो!"

आता सगळं कळलं. सकाळपासून तिला सांगत होते की मुलगा पुण्यात ड्रग्जच्या पार्सलसह सापडलाय. कुठल्यातरी मराठी पोराचं रेकॉर्ड केलेलं रडणं ऐकवलं होतं. नवीन ॲप डाउनलोड करायला लावून सतत कॅमेऱ्यासमोर बसवलं होतं. संध्याकाळी नवरा घरी आला की त्याच्या फोनवरचा ओटीपी गुपचूप घ्यायचा, असा हुकूम होता. नवरा-बायकोने पोटाला चिमटा काढून गावाकडच्या घरासाठी ठेवलेलं सगळं त्यात जाणार होतं. पण तिला त्याचं सोयरसुतक नव्हतं. तिला पोरगा हवा होता.

आम्ही त्याला फोन लावला. स्विच ऑफ. पुन्हा लावला. स्विच ऑफ. ताईचा चेहरा पांढराफटक पडला. खरं सांगतो, तेव्हा मी देवाचं नाव घेतलं.

मग मला पुण्यातला माझा एक जुना सहकारी आठवला. माझ्या हाताखाली उपनिरीक्षक म्हणून आला होता. डायरी वेळेवर लिहीत नाही म्हणून त्याला मी इतका झापायचो की बिचारा समोर यायला घाबरायचा. आता तो स्वतः प्रभारी आहे. त्याने एका रिंगमध्ये उचललं. "साहेब, तुम्ही फक्त हॉस्टेलचं नाव सांगा." दुसरा प्रश्न नाही.

मधल्या वेळात ताईचा नवरा पोचला. ग्रीसने माखलेले हात तसेच. तो तिच्याशेजारी जमिनीवर तिचा हात धरून बसला. सौ. चहा करून घेऊन आली, तो कुणी प्यायला नाही.

फोन वाजला. सहकाऱ्याचा माणूस हॉस्टेलच्या खोलीत होता. "बोला, मुलगा समोर आहे."

"आई? काय झालं? फोन चार्जिंगला लावायचा राहिला गं. पोलीस का आलेत?"

आम्ही सुटकेचा श्वास सोडला. ताईने सोडला नाही. सकाळी तिने 'आई' ही हाक एकदा ऐकलीच होती, आणि ती खोटी होती. तिने डोळे पुसले, फोन कानाशी घट्ट धरला आणि अशा आवाजात विचारलं की मी सरळ उभा राहिलो.

"तुझ्या बेसनाच्या लाडवात मी काय घालत नाही?"

"अं? मनुका. का गं?"

"का नाही घालत?"

"लहानपणी मी नाकात घातली होती म्हणून. आई, तू ठीक आहेस ना? आई?"

तेव्हा ती रडली, आणि मग सगळेच. मी हयातभर चौकश्या केल्या, सराईत गुन्हेगारांना बोलतं केलं. पण दोन प्रश्नांत सत्य बाहेर काढणारी अशी चौकशी मी पाहिली नाही.

संध्याकाळी ताई, तिचा नवरा आणि मी असे आम्ही तिघं इथल्या पोलीस ठाण्यात तक्रार द्यायला गेलो. तरुण अमिराती अधिकारी होता. आधी ताईला खुर्ची दिली, पाणी दिलं, मग विचारपूस केली. नेमका हाच क्रम मी आमच्या पोरांना शिकवून शिकवून थकलो होतो. मी निवृत्त पोलीस आहे कळल्यावर त्याने उठून हात मिळवला, कहवा, त्यांची ती वेलदोड्याची कॉफी, मागवली. ताई खाली मान घालून म्हणाली की माझा मूर्खपणा झाला. तो म्हणाला, "नो सिस्टर. यू लव्ह युअर सन. दॅट इज ऑल." तो फोनवरचा माणूस पुढे सापडला का, मला माहीत नाही. सापडला नसावा. ती खंत माझ्यातल्या पोलिसाला आहेच.

पण खंतीपेक्षा कृतज्ञता मोठी आहे. झापलेल्या माणसाने एका रिंगमध्ये फोन उचलला, परक्या देशातल्या अधिकाऱ्याने आमच्या लेकीला खुर्ची दिली, आणि माझ्या बायकोने माझं ऐकलं नाही. मुलगा अजून म्हणतो, क्राइम रेट झिरो. मी म्हणतो, असेल बाबा, आणि असाच राहो. गस्तीची गाडी रस्त्यावरून जाते, कॅमेरा दारापर्यंत बघतो. दाराच्या आत मात्र शेजारणीचीच गस्त लागते.

दुसऱ्या दिवशी ताई वाटी घेऊन आली. वाटीत बेसनाचे दोन लाडू, अर्थात मनुकांशिवाय. सौ. तिची चेष्टा करायला लागली, "काय गं, इतकी घाबरलीस की साखर घालायचीसुद्धा विसरलीस?"

ताई म्हणाली, "विसरले नव्हते, काकू. वाटी गेली नाही तर शेजारीण बघायला येईल, असं त्या फोनवाल्याला सांगितलं, तर वाटी बाहेर ठेवू देतो, पण बोलायचं नाही, म्हणाला. साखरेच्या डब्यात हात घातला होता मी. मग वाटलं, नको. रिकामीच ठेवू. काकूंना कळेल."

सौ.ने लाडू काढून घेतले, वाटी विसळली, त्यात विरजण घातलं आणि दिवेलागणीच्या आत ताईच्या हातात दिली.