ताईंनी घातलेली मागणी

ताई मातीचा खडा सरळ तोंडात टाकायच्या. दाताखाली कचकच लागली की थुंकून म्हणायच्या, "वाळू फार आहे." मुंबईच्या कलाशाळेत कुंभारकामाच्या वर्गाच्या दाराशी मी पहिल्यांदा उभी राहिले, तेव्हा पदर कमरेला खोचलेली, कोपरापर्यंत चिखलानं माखलेली ही बाई शांतपणे माती चघळत होती. "शहापूरची ना तू? मी टोकावड्याची. ये, बस," म्हणाल्या. मी आले होते चित्रकला शिकायला. चाकापुढे बसले ती तिथलीच झाले.

त्या माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठ्या. लग्नानंतर वर्षाच्या आतच नवरा गेला होता. घरचे पाट लावून दुसऱ्या घरी द्यायला निघाले, तर यांनी जेवण सोडलं. वडील शेतीवाडीचे, पण लेकीचं ऐकणारे. त्यांनी मुंबईला धाडलं. ते वारल्यावर भावानं तेच चालू ठेवलं. त्या काळात आमच्या दोन तालुक्यांतल्या शेतकऱ्याघरच्या मुली कलाशाळेत कुठून असणार? माझ्या बाबांनी मला पाठवलं तेसुद्धा "ती टोकावड्याची बाय हाय ना तिथं" एवढ्या एका भरवशावर.

जमलेलं भांडं फोडायचा त्यांना भारी सोस. भट्टीतून निघालेला माझा पहिला तांब्या सरांनी सगळ्या वर्गाला दाखवला. सर गेल्यावर ताईंनी तो उचलला, बोटानं वाजवला आणि पायरीवर आपटला. मी रडायला लागले. "बरा होता. बऱ्यावर थांबायचं नसतं," म्हणाल्या, आणि माझ्यामागे बसून, माझे हात आपल्या हातात धरून त्यांनी चाकावर नवा गोळा वर चढवला. आईनंतर इतक्या जवळून मला कुणी काही शिकवलं नव्हतं. आजही ओली माती हाताला लागली की पाठीशी त्यांचा श्वास जाणवतो. ते काही मला पुसता आलेलं नाही.

वर्गात त्या छापील मराठी बोलायच्या. आम्ही दोघीच असलो की गावचं बोलणं सुरू व्हायचं. "आपुन दोघी टोकावड्याला भट्टी लावू गो. नाल्याकाठची माती बघ कशी लोण्यासारखी. लोक मुंबईहून भांडी न्यायला येतील." एका दिवाळीच्या सुट्टीनंतर त्यांनी ती माती फडक्यात बांधून आणली. सर हसले, पण भट्टीत जागा दिली. त्यातून निघालेला वाडगा पिकल्या चिकूच्या रंगाचा होता. तो मात्र ताईंनी फोडला नाही.

मग लढाई आली. भट्टीला कोळसा मिळेनासा झाला, मुंबईवर बॉम्ब पडणार म्हणून लोक बिऱ्हाडं हलवू लागले. बाबांचा निरोप आला, शिक्षण पुरे, घरी ये. आम्हा दोघींचंही शेवटचं वर्ष राहिलं होतं. ताई म्हणाल्या, "घाबरू नकोस. मी येते, मी बोलते त्यांच्याशी."

आसनगावला उतरून आम्ही टांग्यानं घरी आलो. ताई बाबांपाशी ओटीवर बसल्या, मी आत आईला भाकऱ्या करू लागले. बाहेरून ताईंचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. बाबा एकदा मोठ्यानं हसले तेव्हा माझ्या जिवात जीव आला. जेवायला आत येताना ताईंनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "झालं तुझं काम. आता चार दिवस राहा आईजवळ," म्हणाल्या, आणि सकाळच्या गाडीनं एकट्याच परत गेल्या.

त्याच आठवड्यात टोकावड्याहून माणसं आली, सुपारी फोडायला. मी बाबांना विचारलं, हे काय?

"तुज्या ताईनंच मागनी घातली. तिच्या भावासाठी," बाबा म्हणाले. "मी म्हनलो, पोरीला इचारायला पायजे. तर ती म्हनली, तिला इचारूनच आलेय, लाजते म्हनून बोलत नाय."

मी नाही म्हणू शकले असते. पण तसं म्हणायचं तर ताई खोटं बोलल्या असं सांगावं लागणार होतं, आणि ते माझं मलाच खरं वाटत नव्हतं. त्यांच्या मनात काही असेल, मला सांगायचं राहिलं असेल, असंच मी धरून चालले. लग्नाच्या गडबडीत त्या जवळ आल्या तेव्हा मी हळूच विचारलं, "ताई, मला का नाही सांगितलंत?"

"भट्टी टोकावड्यालाच लावायची ना आपल्याला? मग तू तिथं असलेली बरी," त्या म्हणाल्या. "आणि आता वन्सं म्हणायचं मला."

सासूबाई अर्धांगानं अंथरुणाला खिळलेल्या होत्या. हे मला लग्नानंतर कळलं. त्यांना उठवायचं, पुसायचं, भरवायचं. बाई मनानं निर्मळ होती. एकदा वेणी घालून घेता घेता कौतुकानं म्हणाली, "पोरगी माजी शब्दाची पक्की. भाऊ तिला शाला सोडून घरी बोलवत व्हता माज्यापायी. तर म्हनली, आये, मी माज्या बदली मानूस आनून देते, मंग मला बांधू नका."

मी वेणी पुरी केली.

ताईंनी शेवटचं वर्ष पुरं केलं. दूर उत्तरेकडे चिनी मातीच्या कारखान्यात त्यांना जागा मिळाली. निरोप घ्यायला आल्या, तेव्हा मी त्यांना नाल्यावर घेऊन गेले आणि सासूबाईंचं बोलणं जसंच्या तसं ऐकवलं. त्यांनी नाकबूल केलं नाही.

"दोघींतली एकच सुटू शकत होती," त्या म्हणाल्या.

"आणि ती कोण, ते तुम्ही ठरवलंत."

"हो. भाऊ माझा चांगला आहे. वाईट घरात नाही दिली तुला."

तेही खरंच होतं. हे भले माणूस. मी कधी माती मळायला बसले तर एका शब्दानं आडवे आले नाहीत. पण अंथरुणावरचं माणूस सोडून चाकावर किती बसणार? भट्टी काही लागली नाही. नाल्याची माती आम्ही चुलीला आणि भिंतींना लिंपत राहिलो.

लढाई संपून काही काळानं सासूबाई गेल्या. ताई दिवसांना आल्या. केस पिकायला लागले होते, हात तेच होते. दिवस झाल्यावर मला म्हणाल्या, "आता चल माझ्याबरोबर काही महिने. तुझा हात मी अजून विसरले नाही." माझी धाकटी तेव्हा मांडीवर होती. मी मानेनंच नको म्हटलं.

"राग आहे अजून?"

"आहे."

त्यांनी मान डोलावली, जणू मी एखादं भांडं नीट पारखलं होतं. कल्याणकडे जाणाऱ्या मोटारीत बसताना धाकटीच्या गालाला हात लावला आणि गेल्या.

पुन्हा आल्या नाहीत. न्यूमोनियानं तिकडेच गेल्याची तार आली. हे एकटेच गेले, मी गेले नाही. घरात नणंदेचं सुतक पाळलं, अंघोळी झाल्या, घर सारवून काढलं. शेजारणी बसायला येत, वन्संचं विचारत, आणि मी रीतीनं उत्तरं देत होते. शिकवणारी गेली तर सुतक किती दिवसांचं, हे मात्र मला कुणी सांगितलं नाही, आणि विचारावं असं कुणी उरलंही नव्हतं.