चंदेरी किनार आणि सांडलेली आमटी

सरकारी दवाखान्याच्या पायरीवर लोक एका जीपवाल्याला बडवत होते आणि आत डॉक्टरांना मुलीची नाडी सापडत नव्हती. ती संध्याकाळ मी विसरलेले नाही. जीपवाल्याला गर्दीतून ओढून काढताना माझ्याही हातावर दोन काठ्या बसल्या. तो किल्लारीचा होता. एकच सांगत होता, "म्या उडवली न्हाई, बाई. म्या उचलून आणली."

त्याच्या मागच्या सीटवर रक्त होतं. लोकांना तेवढं पुरलं. आमच्या साहेबांनाही पुरलं.

मी तेव्हा अहमदपूर-लातूर रस्त्यावरच्या एका ठाण्यात जमादार होते. शिक्षण चौथी. नवरा नोकरीत असताना वारला, म्हणून मला खात्यात घेतलं. मी साहेबांना म्हटलं, "साहेब, उडवलेल्याचं रक्त बंपरला लागतं. सीटवर असतं ते उचललेल्याचं."

"मग खरा आणून दाखवा," साहेब म्हणाले. "उद्या संध्याकाळपर्यंत. नाहीतर याला कोर्टापुढे उभा करतो."

हा माणूस आत गेला असता तर त्या रस्त्यावर पुन्हा कोणी जखमीला हात लावला नसता. मला काळजी होती ती याची.

मुलगी नांदेडच्या कॉलेजची. आठजणी आपल्या मॅडमबरोबर सायकलींवरून किल्लारीला निघाल्या होत्या, भूकंपात गेलेल्यांच्या स्मरणदिनासाठी. हिच्या सायकलची साखळी पडली, ही मागे राहिली, पुढच्यांनी काहीच पाहिलं नाही. तिचे वडील नांदेडचे शिंपी. लग्नाच्या ओढणीला लावतात तो चंदेरी गोटा त्यांनी आठही जणींच्या शर्टांवर पाठीमागून शिवला होता, मागून येणाऱ्या गाडीवाल्याला पोरी दिसाव्यात म्हणून.

कपडे जप्त करताना मला दिसलं, किनार वीतभर तुटलेली आहे. वडिलांना विचारलं. ते रात्रभर दवाखान्यात बाकावर बसून होते. म्हणाले, "तिहेरी शिलाई मारलो मी, बाई. अशी निघत न्हाई. कशात तरी अडकून फाटली."

किल्लारीच्या जीपला मी पुढून मागून हात लावून पाहिला. गोट्याची एक तार नव्हती.

सकाळी लातूरहून ठाण्यात फोन आला. ओळखीची घरमालकीण, शिकवणीच्या मुलींना खोल्या देणारी; अपघाताचं तिच्या कानावर गेलं होतं. तेव्हा लातुरात दर घरात अशा मुली होत्या आणि त्यांचे जेवणाचे डबे रोज गावाकडून जीपने यायचे.

"जमादारीणबाई, काल डबे तासभर उशिरा आले. सगळ्या पोरींची आमटी सांडलेली. एकीचीबी धड न्हाई. गाडीवाला म्हणतो, रेडा आडवा आला."

एखादा डबा सांडतो. सगळे सांडतात ते करकचून ब्रेक मारल्यावर.

दुपारपर्यंत ती काळी-पिवळी जीप ठाण्यात आणली. चकाचक धुतलेली. पुढे लोखंडी गार्ड, नवा काळा रंग. गार्डच्या नटात, रंगाच्या वर, चंदेरी तारा गुंतलेल्या होत्या. पंचांना दाखवल्या, हात लावू दिला नाही. मग डायव्हरला समोर बसवलं.

"मावशी, माझं काय चुकलं?"

"मावशी तुझ्या घरी. इथं जमादार. गार्डला रंग कधी दिलास?"

"गणपती उठले त्याच्या दुसऱ्या दिशी."

तेवढं जबाबात लिहून घेतलं, सही घेतली. मग गार्डपाशी नेलं. "हे काय?"

"लग्नाचं वऱ्हाड नेलतं. नवरीच्या ओढणीचं असंल."

"कोणाचं लग्न?"

"मामाच्या पोरीचं."

"रंग दिल्यावर?"

त्याने वाकून पाहिलं. तारा रंगावरच होत्या. "हाव, रंग दिल्यावर."

"अरे शहाण्या, गणपती उठल्यापासून पितृपक्ष चालू आहे. तुझ्या मामानं पितर जेवू घातले का नवरी उभी केली?"

दारातला पहारेवाला फस्सकन हसला. डायव्हर गार्डपासून मागे सरला. नंतर हळूच म्हणाला, "सूर्य डोळ्यात होता, जमादारबाई. ती झाडाच्या सावलीत होती. दिसलीच न्हाई."

"पटलं. पडल्यावर दिसली का?"

"दिसली."

"मग?"

"डबे पोचवायचे होते."

नटातला गोटा पंचांसमोर काढून शर्टाच्या फाटक्या कडेला लावला. बरोबर जुळला. साहेबांनी किल्ली माझ्याकडे सरकवली. लॉकअप मी उघडलं. किल्लारीवाल्याला चहा पाजला आणि सांगितलं, "मागच्या दारानं जायचं न्हाई. आपल्या जीपमधून जा, दवाखान्यावरून जा, हळू जा." तो गेला. पायरीवरच्या लोकांनी वाट दिली. नोकरीत मला बक्षिसं मिळाली, पण तो दिवस त्यांच्याहून मोठा.

डायव्हरचं एक म्हणणं मात्र मला तपासायचं होतं. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, त्याच जागी एका शिपाई मुलीला तसाच गोटा पाठीवर लावून सायकलवर बसवलं आणि मी साहेबांच्या गाडीतून मागून आले. वीस पावलांवर जाईपर्यंत मला ती दिसली नाही. गोट्यावर उजेड पडला तर तो चमकतो. सूर्य गाडीवाल्याच्या तोंडावर असला की तो नुसता कपडा. आपल्या लोकांना ऊन नको असतं, म्हणून सायकलवाला झाडांच्या कडेनं जातो आणि सावलीत नाहीसा होतो. शिंप्याला मी हे सांगितलं. त्याने पुढच्या खेपेला प्रत्येक सायकलच्या मागे उंच कामटीवर नारिंगी निशाण बांधलं. मी मुलींना बजावलं, ऊन लागलं तरी चालेल, उजेडात चालवा, आणि मागे पडलेलीसाठी सगळ्यांनी थांबा.

न दिसणं हा अपघात. दिसूनही निघून जाणं हा गुन्हा. एवढं समजायला चौथी पुरते.

नाडी त्या संध्याकाळीच थोड्या वेळाने सापडली होती. मुलगी वाचली. डाव्या पायात सळई आहे.