हिच्या हातचा बिब्बा

माझ्या टाचा कधी मऊ नव्हत्या. सगळा जन्म मेंढरामागं गेला. काळं रान, ढेकळं, कुसळं, आणि पायात वहाण असली तरी नावाला. थंडी पडली की टाचा उकलायच्या. भेगा अशा पडायच्या की त्यात ज्वारीचा दाणा बसावा. घोंगडीचे धागे अडकायचे त्यात आणि पाय ओढला की जीव कळवळायचा.

त्यावर औषध आमच्या हिच्याकडं. सकाळी ऊन ओसरीवर आलं की ही हाक मारायची.

"या इकडं. आणा ती खुरं."

मी भिंतीला टेकून बसायचो आणि ही माझा पाय मांडीवर घ्यायची. दाभणाला बिब्बा टोचायची आणि दिव्यावर धरायची. बिब्बा तापला की त्यातनं काळं तेल सुटतं. तो थेंब ही बरोबर भेगेत सोडायची. इकडं ना तिकडं. चर्र व्हायचं, मी ओरडायचो, ही म्हणायची, "मेंढरू बरं तुमच्यापेक्षा. डाग देताना एवढं बोंबलत न्हाई." दोन-चार दिवसांत भेग मिटायची. असं लग्नापासून चाललं होतं. मी पाय पुढं करायचा आणि हिनं शिव्या देत भरायचा.

दसऱ्यानंतर चार दिवस तापाचं निमित्त झालं आणि ही गेली. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. गेली म्हणजे गेली.

पण जाताना हिचं एक काम अर्धं राहिलं. आमच्या नातीचं बाळंतपण उन्हाळ्यात अडलं होतं. पोरगी दवाखान्यात आत, आम्ही बाहेर. तवा हिनं येरमाळ्याच्या देवीला नवस बोलला. हिचं माहेर तिकडचंच, त्यामुळं हिचं आणि देवीचं बोलणं घरच्यासारखं. "पोरगी सुटू दे आई, लेकराचं जावळ तुझ्या डोंगरावर काढू, आन् मी पायात चप्पल न घालता वर चढून येईन." पोरगी सुटली, पोरगं झालं. नातजावयानं जावळ वैशाखात धरलं, आणि चढणारी बाईच राहिली नाही.

मी म्हणलं, मी चढतो. तिच्या बदल्यात. ह्यात कुणाला विचारायचं काय?

विचारायचं होतं ते माझ्या टाचांना. त्या वर्षी भेगा लवकर पडल्या आणि लई खोल पडल्या. पौष गेला, माघ लागला, तरी मी टाच टेकवत नव्हतो. चवड्यावर चालायचो, बगळ्यासारखा. असल्या पायानं अनवाणी डोंगर कुठला चढायचा? मग म्हणलं बिब्बा भरू. एवढी वर्षं डोळ्यांनी बघितलंय, त्यात काय अवघड?

सून चुलीपुढं होती. मी वाण्याकडनं बिब्बे आणले, ओसरीवर बसलो, दाभण घेतलं, दिवा लावला. पाय काही नीट वळेना. एक थेंब भेगेत, दोन बाहेर, एक बोटावर. धूर डोळ्यांत गेला. डोळे चोळले. नाकाला खाज आली, नाक चोळलं. मानेवर माशी बसली, ती हाणली. काम झालं म्हणून खुशीत मिशीवरनं हात फिरवला.

दुसऱ्या दिवशी उठलो तर दिसंना. पापण्या सुजून मिटलेल्या. तोंड पुरणपोळीसारखं फुगलेलं, मानेवर पाण्याचे फोड, बोटांच्या बेचक्यांत आग. शेजारची म्हातारी बघायला आली आणि लांबूनच हात जोडून उभी राहिली.

"आंगावर देवी उठलीय," ती म्हणाली. "कडुलिंब लावा दाराला."

"देवी न्हाई वो," सून म्हणाली. "बिब्बा उतलाय. आबा, हाताला खोबरेल लावलं हुतं का आधी?"

"कशाला?"

"कशाला म्हणजे? आत्याबाई कोपरापतुर तेल लावायच्या. तुमच्या टाचेला बी लावायच्या भेग सोडून. आन् झालं की राखंनं हात घासायच्या. तुमी काय बघितलं एवढी वर्षं?"

मी टाच बघितली होती. हिच्या हाताकडं मी कधी बघितलंच नाही. बिब्ब्याचा थेंब भेगेत पडतोय एवढंच कळत होतं.

सुनेनं ओलं खोबरं वाटून तोंडाला थापलं, वर तीळ वाटून लावले. मी पाटावर मांडलेल्या देवासारखा बसलो. पोरगा ट्रॅक्टरवर निघाला होता. जाताना म्हणाला, "आबा, आता नुसतं हळद-कुंकू राहिलं." मी शिवी दिली, पण ओठ सुजलेले, त्यामुळं शिवी पण नीट निघाली नाही. सूज उतरेना तवा सून मला एसटीनं धाराशिवला कातडीच्या डॉक्टरकडं घेऊन गेली.

कातडीच्या दवाखान्यात मी पहिल्यांदाच गेलो. बाकड्यावर सगळे खाजवत बसलेले. एक जवान पोरगा, कमरेला नायटा. मेडिकलमधनं कसलीशी ट्यूब घेऊन लावली, आधी बरं वाटलं, मग नायटा पोटावर, मांडीवर, सगळीकडं पसरला. एक बाई लेकीला घेऊन आलेली. लेकीच्या गालावर पांढरे डाग. बाई पदरानं सारखी लेकीचा गाल झाकत होती. कोड असंल म्हणून रडकुंडीला आलेली. आत गेली आणि हसत बाहेर आली. "शिबं हाय म्हणं नुसतं," सगळ्या बाकड्याला सांगितलं तिनं, जसं लेकीचं लग्नच ठरलं.

मग आम्ही. डॉक्टरीण बाई मुसलमानाच्या घरातल्या, वयानं माझ्या लेकीएवढ्या. मला बघून हातातलं पेन खाली ठेवलं.

"या अल्ला! बाबा, तोंडाला काय लावलं हे?"

"बिब्बा."

"तोंडाला?"

"टाचंला."

"मग तोंड कसं सुजलं?"

"हात त्योच हुता."

बाई हसल्या, पण तोंड झाकून. सून तर तोंड न झाकता हसली. मग बाईंनी माझा पाय चक्क हातात घेतला. मला लाजल्यासारखं झालं. हिच्याशिवाय त्या पायाला कुणी हात लावला नव्हता.

भिंतीवर कातडीचं चित्र होतं, कापून आतनं दाखवलेलं. मला ते विहीर खांदल्यासारखं दिसलं. वर माती, खाली मुरूम, त्याखाली पाझर. बाईंनी बोट लावून सांगितलं. वरचा थर मेलेला असतो, रोज झडतो आणि खालनं नवा येतो. मधल्या थरात केसाची मुळं, घामाच्या नळ्या, आणि केसाच्या बुडाला तेलाच्या बारीक पिशव्या. सगळ्यात खाली चरबी, गादीसारखी.

"तुमच्या तळपायाला केस आहेत का?"

"न्हाईत."

"म्हणून तिथं तेलाच्या पिशव्याही नाहीत. सगळ्यात जाड कातडी तिथं, आणि तेल मात्र नाही. थंडीत वाळते, वर तुमचं वजन, मग फाटते. बिब्बा भाजून काढतो. कधी मिटतं, कधी असं होतं. परत घरात आणू नका." मग विचारलं, "शुगर आहे का?"

"न्हाई. असती तर हिनं माझा चहा कवाच तोडला असता."

बाईंनी तपासायला सांगितलंच. नव्हती. मग मी नवसाचं काढलं. वैशाखात डोंगर चढायचाय, अनवाणी. बाई म्हणाल्या, अजिबात नाही. तापलेला दगड, बारीक खडे, परत भेग पडली आणि त्यात घाण गेली की पाय सुजेल.

"नवस हाय बाई."

"कुणाचा?"

"हिचा."

"मग त्यांना चालायला सांगा."

सुनेनं खाली बघितलं. मी पण. बाई कागदावर लिहीत होत्या, त्यांना काही कळलं नव्हतं. सुजलेल्या बोटांना काय झालंय बघायला त्यांनी माझा हात घेतला आणि अंगठ्याच्या नखावर बोट फिरवलं. थांबल्या. परत फिरवलं.

"तीन-चार महिन्यांपूर्वी मोठं आजारपण झालं का तुम्हाला?"

"मला न्हाई. बायको गेली."

"आन् ह्येनी जेवण सोडलं," सून म्हणाली. "चहावर हुते. त्यात ताप भरला. केस बी लई गळाले मागनं, उशीवर झुपके पडायचे."

बाईंनी माझा अंगठा उजेडात धरला. नखाच्या मधे आडवी खाच होती, खुरप्यानं ओढल्यासारखी. सगळ्या नखांवर थोडी थोडी. मी ती बघितली नव्हती. बघितली असती तरी म्हणलं असतं, काहीतरी लागलं असंल.

"नख मुळाशी तयार होतं," बाई हळू बोलल्या. "अंगावर मोठा आजार, उपास आला की तिथलं काम काही दिवस मंदावतं. तेवढ्या दिवसांची खाच पडते. मग ती नखाबरोबर पुढं सरकत राहते."

"मग?"

"मग टोकाला येते आणि कापली जाते. औषध लागत नाही. हाताचं नख टोकाला यायला सहा महिने धरा. पायाचं वर्ष, कधी दीड वर्ष."

येताना एसटीत मी अंगठाच बघत बसलो. मेंढराच्या लोकरीत पण असं होतं, हे मला ठाऊक होतं. मेंढरू आजारी पडलं की त्या दिवसांतली लोकर बारीक येते. पुढं ते धडधाकट होतं, चरतं, कळपात मिसळतं, पण कातरल्यावर लोकर ताणली की बरोबर त्या जागी तुटते. माझ्या नखात पण तसंच होतं म्हणायचं. खालनं आलेलं नख चांगलं होतं, गुळगुळीत. मी परत जेवायला लागलो ते सुनेनं कालवणात ठेचा वाढवला म्हणून, असं मला वाटत होतं. नखानं आपलं काम आधीच सुरू केलं होतं.

मलम लई दिवस लागलं. रोज कोमट पाण्यात पाय, मग पुसून मलम, मग मोजे. मोजे मी जन्मात घातले नव्हते. सुनेनं बाजारातनं आणले, पांढरे, वर निळी पट्टी. तोंडाची सूज लवकर उतरली, टाचेनं वेळ घेतला. पण फाल्गुनात भेगा मिटल्या आणि चैत्रात मी टाच टेकवून चालायला लागलो. शेजारची म्हातारी म्हणाली, देवीनंच बरं केलं. मी म्हणलं, व्हय, मोजे घातले हुते तिनं.

आता राहिला डोंगर. मी अनवाणीच चढणार म्हणून अडून बसलो. पोरगा बोलला, नात फोनवर रडली, मी ऐकेना. हिचं काम अर्धं ठेवून मी काय तोंड दाखवू? शेवटी सून भाकरी थापता थापता म्हणाली,

"आबा, आत्याबाई काय म्हणल्या हुत्या? मी तितंच हुते दवाखान्यात. 'पायात चप्पल न घालता.' चप्पल म्हणल्या. मोज्याचं कुठं काय म्हणल्या?"

मी उठलो आणि मोजे धुवायला काढले. हिच्या हाताखाली तयार झालेली सून, दुसरं काय.

वैशाखात सकाळी सकाळीच येरमाळ्याला पोचलो. चपला जीपमधे ठेवल्या आणि मोज्यांवर पायऱ्या चढायला लागलो. पायरीवर फुलं विकणाऱ्या बाया बसल्या होत्या.

"ओ आजोबा," एक म्हणाली, "शाळंत निघालाव व्हय?"

"तिसरीतनं निघालो हुतो," मी म्हणलं. "आता चौथीला बसलोय."

"मग दप्तर कुठाय?"

"मागनं येतंय." मागनं नात येत होती, कडेवर पणतू. बाया लई हसल्या. मला पण हसू आलं आणि दम लागला. बसत, उठत, पाणी पीत चढलो. कळसाच्या सावलीत पाय टेकले तवा दोन्ही टाचा शाबूत होत्या. देवीला म्हणलं, तिचं काम झालं गं आई. मोज्याबद्दल काय म्हणायचं ते माझ्याशी बोल, तिला काय बोलू नको.

जावळ झालं. पणतू त्याच्या मामाच्या, म्हणजे माझ्या नातवाच्या मांडीवर बसला आणि डोंगर डोक्यावर घेतला. लेकराच्या आत्यानं, म्हणजे नातजावयाच्या बहिणीनं पदर पसरला, त्यात ते रेशमासारखे केस पडले. लेकराचं डोकं खालनं गुलाबी निघालं. मेंढराचं कोकरू पहिल्यांदा कातरल्यावर असंच दिसतं, एवढंएवढं आणि रागावलेलं.

न्हाव्यानं वस्तरा पुसला आणि माझ्याकडं बघितलं. "आबा, दाढी? न्हाईतर नखं तरी काढू का? लई वाढलीत."

मी हात पुढं केला. खाच अंगठ्याच्या टोकाला आली होती, पार कडेला. सून बघत होती. तिलापण ठाऊक होतं.

"किती ठेवू?"

"काढ बरोबर," मी म्हणलं. "ठेवू नको."

नराणीनं त्यानं नख कापलं. तुकडा उडून खडकात कुठंतरी गेला. मी शोधला नाही. वर बोट फिरवून बघितलं तर नख सपाट होतं. मग आम्ही तिथंच सावलीत बसून दाळबट्टी खाल्ली. मी दोन वेळा मागून घेतली.

हाताच्या नखांचं ते झालं. पायाच्या अंगठ्यावरची खाच अजून आहे. ती सावकाश चालते. रोज पाय धुऊन मलम लावताना दिसते, आता अर्ध्याच्या पुढं आली आहे. सून विचारते, आबा, पायाची कवा जाईल? मी म्हणतो, जाईल. तिला काय घाई आहे, आणि मला तरी कुठं आहे? मलम लावतो, मोजे चढवतो, आणि ऊन ओसरीवर असेपर्यंत तिथंच बसतो.