रजिस्टरातला डोंगा

हे मी आजवर बायकोलासुद्धा सांगितलं नाही. सरकारचा म्हणून जो डोंगा मी लिलावाच्या यादीत घातला, तो सरकारचा नव्हता. आणि घालताना ते मला पक्कं माहीत होतं.

तेव्हा चांदा जिल्ह्यात, गोंडपिपरीकडच्या एका तहसिलीत मी नाझर होतो. नाझर म्हणजे सरकारी सामानाचा राखणदार. खुर्च्या, कंदील, तंबू, सगळं डेडस्टॉक रजिस्टरात. दरवर्षी प्रत्येक वस्तू डोळ्यांनी पाहून शेरा मारायचा असा नियम. त्यात लोकांना नदीपार नेणारा डोंगाही होता, एका खोडात कोरलेली होडी; पण तो असायचा तो वैनगंगेवरचा घाट अकरा मैल जंगलातून. मी शेरा टेबलावरूनच मारायचो: ‘डोंगा एक. स्थिती उत्तम.’

सरकारी नावाडी कवडू ढिवर. एकदा पुरानंतर तो कचेरीत आला.

“नाझरभाऊ, डोंगा वाहून गेला.”

“असं लिहिता येत नाही रे. वर लिहिलं की खुलासा मागतात.”

“मंग लोकायले पार कसं नेऊ?”

“बघ काहीतरी.”

त्याने बघितलं. स्वतःच्या बांधावरचा आंबा तोडला, उरलेला पावसाळा तो कोरला, नवा डोंगा पाण्यात घातला आणि कचेरीत येऊन मला तसं सांगून गेला. मी लिहिलं: ‘स्थिती उत्तम.’ या वेळी ते खरंही होतं.

तीन वर्षांनी हुकूम आला. सरकारने नावा वल्हवायच्या नाहीत. घाट सामानासकट लिलावाने ठेकेदाराला द्यायचे. नायब तहसीलदार साहेब, मी आणि लिलावात बोली लावायला आलेला चांद्याचा एक तंबाखूवाला व्यापारी, असे घाटावर पोचलो. साहेबांनी डोंग्यावर हात फिरवला.

“नाझर, काय ठेवलाय. अगदी नवा वाटतो.”

“साहेब, हा माहा हाये,” कवडू म्हणाला.

“मग सरकारचा कुठाय?”

“गेला वाहत, सिरोंच्याकडं. आतापर्यंत तिकडच्या लोकायवानी तेलुगू बोलत असन.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. खरं बोललो असतो तर नोकरी गेली असती. मी रजिस्टर उघडलं. “साहेब, नोंद एकाच डोंग्याची आहे.”

“मग तो हाच.”

कवडू माझ्याकडे वळला. “काऊन भाऊ, तुमालेच तं सांगतलं होतं ना मी?”

मी पान उलटलं.

घाट व्यापाऱ्याला सुटला. मुहूर्त म्हणून त्याने आम्हालाही डोंग्यात बसवलं आणि आपल्या गाडीवानाच्या हाती बांबू दिला. गाडीवानाला बैल हाकायची सवय. त्याने “हो, हो” केलं, डोंगा तीनदा गोल फिरला आणि नदीच्या मधोमध अडकला. व्यापाऱ्याने डोळे मिटून छत्री उघडली. का, ते त्यालाच ठाऊक.

“कवडू, आम्हाला काढ,” साहेब ओरडले.

कवडू काठावर बिडी ओढत बसलेला. “मी आता सरकारी नाई, साहेब. ठेकेदाराले सांगा. घाट त्याचा हाये.”

“ठेकेदार इथेच बसलाय.”

“मंग तं सोपंच हाये.”

बिडी संपल्यावर तो म्हणाला, “उतरा साहेब. रेतीवर अडकून राह्यले तुमी. गुडघाभर पाणी हाये.”

आम्ही जोडे हातात घेऊन चालत आलो. 

डोंगा व्यापाऱ्याकडे राहिला. कवडू त्यानंतर काठावरूनच जाळं फेकायचा. मासळी मात्र पलीकडच्या डोहात, तिथे डोंग्याशिवाय पोचता येत नाही. मला मात्र चोख डेडस्टॉकबद्दल बढती मिळाली. तेव्हापासून वस्तू पाहिल्याशिवाय मी सही करत नाही. शहाणपण आलं, पण दुसऱ्याच्या आंब्यावर.

कवडू अजून त्याच गावात आहे. त्याचा एक डोंगा मी देणं लागतो, आणि तो त्याचाच होता हे चारचौघांत सांगणंही.