सगुणाचं शहाणपण

हे मी कुणाला बोललो नाही. पाळकांना नाही, माझ्या पोरींना नाही. प्रार्थनेतसुद्धा नीट शब्दांत नाही — देवापुढं नुसती मान खाली घालून बसलो, झालं. तुम्हाला सांगतो. शिक्षण चौथीपर्यंत, हात गवंड्याचे, तेव्हा शब्द वाकडेतिकडे पडतील.

आमच्या नाशिकच्या मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, मी बरीच वर्षं पंच होतो. भांडण असो, मोडलेली सोयरीक असो, कमिटीत माझा शब्द चालायचा. पाळकसाहेब भर उपासनेत म्हणायचे, देवानं या भावाला ज्ञानाचं दान दिलंय. मी खाली बघायचो. लोकांना वाटायचं, किती नम्र माणूस.

ते दान माझं नव्हतं. सगुणाचं होतं — माझ्या बायकोचं. सायखेड्याची, दुसरी शिकलेली.

व्हायचं असं, की कमिटीच्या आदल्या दिवशी मी जेवताना सगळं प्रकरण सांगायचो. ती भाकरी थापत ऐकायची. मधेच काहीतरी विचारायची, तेही भलतंच. एकदा दोन सख्ख्या भावांचं वाजलं. एक आला की दुसरा प्रभुभोजनाला, म्हणजे भाकर-द्राक्षरस घ्यायला, थांबायचा नाही. कमिटी म्हणाली, दोघांचीही नावं मंडळीतून काढा. सगुणानं विचारलं, "त्यांच्या आईच्या कबरीची माती खचली हाय, पाह्यली का कुणी?" मग म्हणाली, "दोघांना येगळंयेगळं सांगा, शनवारी घमेलं घेऊन या म्हणावं. एकाला दुसऱ्याचं सांगू नका. आईच्या उशाशी कोण भांडतंय?"

मी कमिटीत हे माझं म्हणून सांगितलं. दोघं आले. आधी पाठ करून माती ओढत होते, मग धाकट्यानं थोरल्याच्या हातातलं घमेलं घेतलं. शाबासकी कुणाला? मला. घरी येऊन मी तिला म्हणालो, "मिटलं." एवढंच. ती हसली. तेवढ्यानं तिला पुरत होतं का? — मी कधी विचारलंच नाही.

याला चोरी म्हणा. पण मला सांगायचंय ते याच्या पुढचं आहे.

नव्वद साल उलटल्यावर आमच्यात बायकांनाही पंच करायचं ठरलं. महिला मंडळानं सगुणाचं नाव दिलं. नवे पाळकसाहेब घरी विचारायला आले, तेव्हा ती गिरणीत दळण घेऊन गेली होती. मी त्यांना आत या म्हणालो नाही. दारातच सांगितलं — तिचं चार माणसांत तोंड उघडत नाही, मी विचारलं होतं, ती नको म्हणाली.

कधी विचारलं होतं मी? भ्यालो होतो. ती त्या खुर्चीवर बसून एकदा बोलली असती, तर सगळ्यांना कळलं असतं, इतकी वर्षं कुणाचं डोकं चालत होतं.

शेजारणीनं त्यांना पाहिलं होतं. सगुणानं विचारलं, पाळकसाहेब कशाला आलते? मी म्हणालो, चर्चचं छप्पर गळतंय, त्याचं विचारायला.

रविवारी दुसऱ्याच बाईचं नाव वाचलं. उपासना सुटल्यावर बाया सगुणाभोवती जमल्या. "काय गं सगुणा, लय मोठी झाली का तू? मंडळीचं काम नको म्हणती?" ती माझ्याकडं बघत राहिली. एक शब्द बोलली असती तर मी तिथंच उघडा पडलो असतो. ती म्हणाली, "नाय जमायचं मला, बाई." माझं खोटं तिनं स्वतःच्या अंगावर घेतलं.

आणि मी काय केलं? पुढच्या कमिटीआधी जेवताना नेहमीसारखा विषय काढला — बघा, किती लाज. तिनं ताटात भाकरी टाकली. "तुम्हाला कळंल तसं सांगा." पुन्हा कधी मत दिलं नाही. अबोला नाही, राग नाही. माझं दुखलंखुपलं सगळं बघायची. पण दाराशी सल्ला विचारायला येणाऱ्या बायांनाही म्हणायला लागली, पंचांना विचारा.

मंडळीतली एक पोर सासरहून मार खाऊन आली, आमच्या पायरीवर बसून रडली. सगुणा काहीतरी बोलणार होती. मी दारात दिसलो, तिनं तोंड मिटलं. मग मीच बोललो. सहन कर, म्हणालो. ती पोर परत नांदायला गेली — आणि पुन्हा आली ती मोडलेला हात गळ्यात बांधून.

त्यानंतर मी कमिटीत गप्प बसायला लागलो. लोक म्हणाले, माणूस मुरला.

प्रभूच्या दाखल्यातला तो चाकर तुम्हाला माहीत असेल, धन्यानं वापरायला दिलेलं धन जमिनीत पुरून ठेवणारा. त्यानं निदान स्वतःच्या वाट्याचं पुरलं. मी तिच्या वाट्याचं पुरलं. धन्याला हिशेब कोण देणार — ती, का मी?

गेल्या नाताळाच्या आधी ती गेली. तिची कबर मीच बांधली, दुसऱ्या गवंड्याचा हात लागू दिला नाही. फरशीवर काय कोरायचं, पोरींनी विचारलं. पाळकसाहेबांनी सुचवलं — शांत स्वभावाची. सगळ्यांना पटलं. मीही हो म्हणालो. आता ती अक्षरं तिथं आहेत.

ती शांत नव्हती. मी तिला गप्प केलं.