दत्तारामाचा कान आणि तीन औषधं

देवगडच्या एका हापूसच्या बागेत दत्ताराम राखणदार होता. वानरं आली की तो पाइपात कार्बाइड आणि पाणी घालून, सुटणारा गॅस पाइपाच्या लायटरने पेटवून बार काढायचा. २००६च्या एप्रिलात एकदा बार उडेना. आत गॅस सुटतोय का ते ऐकायला त्याने पाइपाला उजवा कान लावला, आणि हाताने सवयीप्रमाणे लायटरचं बटण दाबलं.

वानरं पळाली. दत्ताराम खाली बसला. उजव्या कानात सगळं ठप्प आणि डाव्यात नुसतं कूंऽऽ. घरी बायको तुळसा तासभर त्याची खरडपट्टी काढत होती. ही आज गप्प कशी, म्हणून तो आपला तिच्याकडे कौतुकाने बघत राहिला.

डॉक्टरांनी कान तपासला. "पडदा शाबूत आहे. आतल्या नाजूक पेशींना दणका बसलाय. काही सावरतील, काही नाही. गोळ्या घ्या आणि आवाजापासून लांब राहा."

"मोरावळो दिलो तर?" तुळसाने विचारलं.

"असल्या औषधांचे उंदरांवर प्रयोग चाललेत म्हणे. माणसाचं नक्की सांगता येत नाही. खाऊ दे, पण कानात काही घालू नका."

तुळसाने हे नवऱ्याच्या डाव्या कानात ओरडून सांगितलं.

"माका उंदीर समजलो काय तो?" दत्ताराम भडकला.

तरी मोरावळा सुरू झालाच. वहिनी सावित्री हळदीचं दूध घेऊन आली. शेजारच्या डॉमिंगोने गोव्यातल्या बहिणीकडून झाडपाल्याच्या गोळ्या आणवल्या. कोण काय विचारतंय ते कळत नसल्याने दत्ताराम प्रत्येकाला मान डोलवायचा, आणि प्रत्येक जण आपलं औषध त्याच्या घशात उतरवायचा. कानाच्या आधी पोटच मोकळं झालं.

मे महिन्यात एका सकाळी तो माजघरात पडला होता. मागच्या दारी तुळसा सावित्रीला सांगत होती, "बहिरे झाल्यापासून हे माझा बरा आयकतत गो!"

दत्ताराम खो खो हसत सुटला. तुळसा धावत आत आली.

"आयकाक इला तुमका? माझो मोरावळो लागू पडलो!"

"हळद म्हण," सावित्री मागोमाग आली.

हसणं ऐकून डॉमिंगो कुंपणावरून ओरडला, "अरे, माझ्यो गोळ्यो!"

तिघांची जुंपली. शेवटी निवाड्यासाठी दत्तारामालाच धरलं.

"तिन्ही एकदम घेतलंय," तो म्हणाला. "डॉक्टरच्यो गोळ्यो वेगळ्यो. कदाचित कान आपसूक बरो झालो असतलो. कशान काय झाला ता माका कसा कळतला?"

बोलणं खरं होतं, म्हणूनच तिघांनाही झोंबलं. सावित्रीने पेला उचलला आणि घर गाठलं. डॉमिंगोने उरलेल्या गोळ्या परत मागून घेतल्या.

कान पुरता सुधारला नाहीच. उंच पट्टीतले बारीक आवाज गेले ते गेलेच, कुकरची शिटीही त्याला ऐकू येईना. बागेच्या मालकाने पुन्हा बार काढायला सांगितलं, तेव्हा दत्तारामाने हात जोडले. तुळसाने मात्र बेचकी उचलली. तिचा पहिलाच खडा मोठ्या वानराच्या ढुंगणावर बसला.

मालकाने राखणीचं काम तिला दिलं. दत्ताराम घरी भात शिजवायला लागला, कुकर बाजूला ठेवून, टोपात.