कावडीतून उतरलेले बाबा

माझं कौतुक ऐकलं की मला चीड येत असे. बाबांचा हात धरून मी नळावर, न्हाव्याकडे, विहारात, कुठेही निघाले की वस्तीतल्या बाया दारातूनच म्हणत, "पोरगी नाई हे, कावडवाला पोरगा हाये!" बाबा हसत. मी त्यांचा हात जरा जास्तच जोरात ओढत असे.

अकोल्याच्या जुन्या शहराच्या टोकाला, मोर्णा नदीच्या काठाला आमची वस्ती. मी लहान असतानाच आई गेली. भावंडं नव्हती. बाबांनी जन्म कापसाच्या जिनात काढला आणि काचबिंदूने डोळे गेले तेव्हा घरी बसले. गेलेली नजर परत येत नाही, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगून टाकलं होतं. बाबांना फक्त उजेड आणि अंधार कळायचा, आणि पुढे पुढे तोही बहुधा माझ्या समाधानापुरता.

त्यानंतर दोन-तीन वर्षांनी मी मॅट्रिक झाले आणि अमरावतीला मास्तरणीच्या ट्रेनिंगला मला जागा मिळाली. राहायला वसतिगृह होतं. आमच्या वस्तीतली एकही पोरगी तोवर तिथे गेलेली नव्हती. जून संपायच्या आत हजर व्हायचं होतं, आणि मी जाणार नव्हते.

बाबा म्हणायचे, "जाय ना माय. शेजारची काकू दोन भाकरी थापून देतो म्हन्ते."

"आन् नळावर कोन नेईन तुमाले? चुलीत हात पडला तं?"

वाद मी जिंकायचे आणि जिंकून तळमळत राहायचे. झाडताना अमरावती, भाकरी थापताना अमरावती. नदीपलीकडून गाडीची शिट्टी आली की हातातलं काम तसंच राहायचं. मग दाराशी जाऊन उगाच उभी राहायचे आणि परत आत यायचे. बसवतही नव्हतं आणि निघवतही नव्हतं.

बौद्ध धर्माची दीक्षा घेतली त्या वर्षी बाबांनी घरातला देव्हारा उचलून मोर्णेत सोडला होता. देवांबरोबर त्यांच्या गोष्टीही गेल्या. आंधळ्या आईबापांना कावडीत घालून फिरवणारा तो पोरगाही त्यातच गेला. विहारात तरी त्याचं नाव कोणी काढत नसे. बायांच्या तोंडून मात्र तो काही गेला नाही.

त्या जूनमध्ये एक भंतेजी वस्तीत आले. विहार म्हणजे तेव्हा चार खांबांवरचं टीन. रविवारी वंदना झाल्यावर त्यांनी आपल्या धर्मग्रंथांतली एक गोष्ट सांगितली. अरण्यात राहणारे आंधळे आईबाप, त्यांच्यासाठी पाणी आणायला गेलेला मुलगा, शिकारीला आलेला राजा आणि त्याचा विषारी बाण. बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. शेवटी एका म्हातारीला राहवलं नाही.

"बाप्पा! हे तं आपलीच कावड हाये! मोर्णेत सोडली, थे इकून वर आली!"

सगळे हसले, भंतेजीही हसले. मग म्हणाले, इथून पुढे गोष्ट वेगळी आहे. हा मुलगा मरत नाही. आई त्याच्या छातीवर हात ठेवते आणि खरं बोलते: या पोराने मनापासून आमची सेवा केली असेल, तर या सत्याच्या बळाने त्याचं विष उतरो. विष उतरतं. पोरगा उठून बसतो, आणि आईबापांचे डोळेही उघडतात.

बायांनी पदराने डोळे पुसले. मी मात्र धुसफुसत होते. पुन्हा तोच शहाणा मुलगा आणि तेच पाणी. पाणी भरताना त्याच्या मनात काय चालायचं, हे कोणत्याच धर्मात कोणी लिहून ठेवलेलं नाही.

तीच म्हातारी मग बाबांना म्हणाली, "तुमीबी बोला ना खरं. पोरीच्या पुण्याईनं उघडतीन तुमचे डोये."

ती थट्टेत म्हणाली की खरंच, कोण जाणे. पण बाबा उभे राहिले. हात जोडले, आणि मी बसले होते त्याच्या जरा बाजूला तोंड करून बोलू लागले.

"मी खरं बोलतो. माही पोरगी माही लय सेवा करते."

बायांनी माना डोलावल्या.

"आन् करता करता मनातल्या मनात मले शिव्या देते. डोये नाई, पन कान हायेत मले. लोटा कसा आदळते, ताट कसं सरकवते, सारं आयकू येते. तिले जायचं हाये, आन् थे माह्यासाठी थांबून राह्यली. हे खरं असन, तं माह्या डोयायचं राहू द्या. हिच्या अंगातला बाण निघो. थो बाण म्हंजे मीच हाओ."

भंतेजींनी मान खाली घातली. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. साऱ्या वस्तीसमोर माझा लोटा आदळला गेला होता! मी उठले आणि तरातरा घरी निघून आले. घरात पाऊल टाकलं तेव्हा ध्यानात आलं की बाबांना तिथेच सोडून आलेय. पुन्हा दाराशी गेले, परत आत आले. जावं तर राग आडवा येत होता, न जावं तर जीव टांगणीला.

तेवढ्यात भिंतीला हात लावत बाबा बोळातून येताना दिसले. एकटेच. धोतर गुडघ्याशी फाटलेलं, पायाला नालीचा चिखल, नडगीतून रक्त. दाराची चौकट चाचपून ते म्हणाले, "आलो का नाई?"

मला त्यांची इतकी माया आली की धड बोलवेना. म्हणून म्हटलं, "धोतर फाडून आले ना!"

"तू शाळेत जायची तवापासून शिकून राह्यलो हा रस्ता. चूल पेटवून दाखवू?"

"नका दाखवू."

मी त्यांचे पाय धुतले. लोटा अगदी हळू ठेवला, तर म्हणाले, "आता मुद्दाम हळू ठेवू नको, कसंनुसं वाटते."

दोन-चार दिवसांत मी निघाले. बडनेऱ्याला गाडी बदलून अमरावती. स्टेशनपर्यंत बाबा माझा हात धरायला तयार नव्हते. ते पुढे, काठी टेकत, आणि मी मागे, डोक्यावर ट्रंक घेऊन. पूल त्यांनी झकास ओलांडला. पुढे बाजाराशी रस्ता फुटतो. स्टेशनचा रस्ता सोडून त्यांचे पाय दुसऱ्याच रस्त्याला वळले. तो जिनाचा रस्ता होता. जन्मभर रोज सकाळी तेच पाय तिकडे गेले होते.

मी तोंड उघडलं आणि मिटलं. गाडीची वेळ होत आली होती. ट्रंक डोक्यात रुतत होती. मी त्यांच्या मागोमाग त्याच रस्त्याला लागले.

जिनाच्या फाटकाशी सरकीचा वास आला तसे बाबा थबकले. क्षणभर काठी हवेतच राहिली. मग त्यांनी पाठ फिरवली आणि आम्ही आल्या वाटेने परत निघालो. स्टेशनात शिरलो तेव्हा गाडी सुटून गेली होती. पुढच्या गाडीला वेळ होता. बाकावर बसून काकूने बांधून दिलेली भाकरी आम्ही दोघांनी खाल्ली.

खाता खाता बाबा म्हणाले, "बजारात चुकलो ना मी? तू बोलली काहून नाई?"

"मले वाटलं, तुमाले जवळचा रस्ता ठाऊक असन."

बाबा खूप हसले. मग भाकरीचा आपल्या वाट्याचा तुकडा चाचपत माझ्या हातावर ठेवून म्हणाले, "खोटं बोलून राह्यली. असानं विष नाई उतरत, बाई. पन खाय."